घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार लोकांना दाखवायची कशी

गिटार बनवून झाली, तारा चढवल्या, अँपला लावून आवाजही आला की आपण काय करतो, तर ती सोफ्यावर टेकवतो, समोरून एक फोटो काढतो आणि टाकून देतो. लोक "भारी", "कडक" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. ह्यात लोकांची काही चूक नाहीये, त्या फोटोत बॉडीचा आकार आणि रंग सोडून दुसरं काही दिसतच नाही, आणि आकार-रंग तर कारखान्यातल्या गिटारलाही असतो, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा सफाईदार असतो. हाताचं काम दिसतं ते सांध्यात, कडांवर आणि झाकणाखाली. नेक (गिटारचा लांब दांडा) बॉडीत बसतो ती जागा, फ्रेटची म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं, नटच्या म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या खाचा, मागची वायरिंगची पोकळी. ज्याला गिटार बनवण्यातलं थोडंफार कळतं तो पहिल्यांदा तिथेच बघणार, आणि ज्याला अजिबात कळत नाही त्यालाही तिथेच बघून लक्षात येतं की हे कुणीतरी बसून, मोजून, घासून केलंय. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की ज्या जागा लपवाव्याशा वाटतात त्या आधी दाखवा. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशोब इथे लागू होत नाही.

आधी सेटअप, मग कॅमेरा

ज्या दिवशी तारा चढवल्या त्याच दिवशी गिटार कुणाच्या हातात देऊ नका. तारा ताणून बसायला वेळ लागतोच, पण नव्या नेकला त्याहून जास्त लागतो. १० ते ४६ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीच्या ट्यूनिंगला लावला तर सगळ्या तारांचा मिळून साधारण ४५ ते ५० किलोचा ताण येतो, आणि हा ताण त्या लाकडावर आयुष्यात पहिल्यांदाच येत असतो, म्हणून नेक हळूहळू पुढे झुकतो. चारपाच दिवस तसाच राहू द्या आणि मग ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा वाक कमीजास्त करायची सळी) हात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर बहुतेकांच्या हाताला जमतं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला दीड मिमीच्या आसपास. ह्याच्याही खाली नेऊन "बघा किती लो ॲक्शन आहे" असं दाखवायचा मोह होतो, पण अनोळखी माणूस घरच्यासारखं सांभाळून वाजवत नाही, तो पहिलाच पॉवर कॉर्ड जोरात हाणतो, तारा फ्रेटवर खडखडतात आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहते की बझ होतेय.

इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर येतात का, तेही लगेच बघून घ्या. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत, दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरलेला येत असेल तर पुढे.

आता फ्रेटची टोकं. जुना नायलॉनचा मोजा किंवा पातळ ओढणी घ्या आणि नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत फिरवा, धागा अडकला की तिथे टोक बाहेर आहे. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, त्यामुळे जी टोकं बनवताना गुळगुळीत होती ती काही महिन्यांनी बोचायला लागतात. तेव्हा हे काम गिटार पूर्ण झाली त्या दिवशी केलं होतं असं म्हणून सोडू नका, दाखवायच्या आदल्या दिवशी परत बघा. बारीक कानस, मग ६०० चा आणि १००० चा सँडपेपर, मग स्टील वूल, पण स्टील वूल वापरण्याआधी पिकअपवर (तारांचा आवाज पकडणारे, चुंबक असलेले भाग) मास्किंग टेप चिकटवा, नाहीतर लोखंडाचा तो बारीक चुरा मॅग्नेटला जाऊन चिकटतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

फिनिशिंग बघायचं असेल तर खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च बॉडीला जवळजवळ समांतर धरा. समोरून आरशासारखं दिसणारं लॅकर ह्या तिरक्या उजेडात सगळं कबूल करतं, १८० च्या पेपरचे ओरखडे, ब्लॉक न वापरता बोटाने घासल्यामुळे पडलेली खळगी, रंग जिथे घासला जाऊन खालचं लाकूड डोकावतंय ती कड. काही गोष्टी दुरुस्त करता येतील, काही येणार नाहीत. पण प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अजून एक कोट मारायच्या फंदात पडू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकर हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे घेतं, आणि ओल्या फिनिशवर उठलेला बोटाचा ठसा हा ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो. तेलाचं फिनिशिंग असेल तर वरून एक पातळ हात मारायला हरकत नाही, फक्त जवसाचं किंवा टंग ऑइल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात, उघड्यावर पसरून वाळवा. विषयाला सोडून आहे, पण घरात वर्कशॉप असणाऱ्यांनी हे वाचलेलं बरं.

फोटो

सगळ्यात जास्त गिटारी फोटोतच वाया जातात, म्हणून ह्याच्यावर जरा वेळ घालवू.

पहिली गोष्ट अंतर. फोनचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो, आणि जवळून धरला की जे जवळ आहे ते मोठं आणि जे लांब आहे ते लहान दिसतं. गिटार साधारण एक मीटर लांब असते, म्हणजे बॉडीच्या समोर उभं राहून जवळून फोटो काढला की बॉडी फुगते आणि हेडस्टॉक (नेकचं वरचं, तारा पिळायच्या खुंट्यांचं टोक) एवढासा होतो. तुम्ही टेम्प्लेट कापून, मिलीमीटर मोजून बसवलेला आकार फोटोत भलताच दिसतो आणि लोक म्हणतात प्रोपोर्शन चुकलंय. अडीच-तीन मीटर मागे जा, २ एक्स किंवा ३ एक्स लेन्स वापरा, कॅमेरा गिटारच्या मध्यावर, म्हणजे साधारण नेक आणि बॉडीच्या सांध्याच्या उंचीवर आणा आणि गिटारला समांतर धरा. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट उजेड. खिडकीचा उजेड चांगला, पण मग खोलीतले बल्ब बंद. दोन्ही चालू ठेवले की बॉडीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि तुम्ही चार वेळा डाय मिसळून आणलेला रंग नक्की कोणता हे कुणालाच कळत नाही. थेट ऊन नको, फ्लॅश तर नकोच नको. ग्लॉस फिनिश असेल तर ती गिटार समोरचं सगळं दाखवते, तुम्ही, तुमचा टी-शर्ट, मागचा पंखा, दारात उभं राहून बघणारं माणूस, सगळं. त्यावर उपाय असा की गिटारच्या समोर, कॅमेऱ्याच्या आजूबाजूला एक मोठी पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट उभी करा, म्हणजे प्रतिबिंब पडलं तरी पांढऱ्याचंच पडेल. काळ्या ग्लॉसला उलटं करा, काळं कापड धरा. पोलरायझर फिल्टर लॅकरवरची चमक बऱ्यापैकी मारतो, पण तिरक्या कोनातून, अगदी समोरून त्याचा विशेष फायदा नाही, आणि क्रोमच्या ब्रिजवर तर काहीच नाही कारण धातूची चमक त्याला आवरत नाही.

फ्लेम मेपल किंवा क्विल्टेड मेपलचा टॉप असेल तर समोरून सपाट उजेडात काढलेला फोटो म्हणजे त्या लाकडाचा अपमान आहे. त्या लाकडाचे तंतू वरखाली लाटांसारखे गेलेले असतात, त्यामुळे एका कोनातून जो पट्टा उजळ दिसतो तोच गिटार जराशी फिरवली की गडद होतो. हे स्थिर फोटोत पकडताच येत नाही. उजेड एका बाजूने ठेवा आणि गिटार हळूहळू डावीकडून उजवीकडे झुकवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. बाकी काही नाही केलं तरी हे कराच.

आता कोणते फोटो. समोरून पूर्ण आणि मागून पूर्ण, हे दोन तर आलेच. त्यानंतर मी कुणाचीही गिटार बघताना जे शोधतो ते सांगतो. नेक पॉकेट, म्हणजे बॉडीतली नेक बसायची खाच, बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बसवलेला) असेल तर वरून आणि दोन्ही बाजूंनी, इतक्या जवळून की नेक आणि बॉडीच्या मधली रेष दिसेल. तिथे कागद जाईल एवढी फट असेल तर फट दिसू द्या. एका बाजूची फट एकसारखी असेल तर बघणाऱ्याला कळतं की टेम्प्लेट किंचित मोठं झालं, आणि वर बारीक, खाली मोठी होत गेली असेल तर कळतं की नेक जरा तिरका बसलाय, आणि मग तो लगेच तारांकडे बघणार की दोन्ही ई तारा (सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक) फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का. म्हणून हेडस्टॉककडून ब्रिजकडे, डोळा लावून बघतो तसा एक फोटो पाहिजेच, तारा सरळ रेषेत जाताना दिसल्या की पॉकेटमधल्या फटीचं कुणाला काही वाटत नाही. सेट नेक (ग्लूने चिकटवलेला) असेल तर सांध्यातली ग्लूची रेष. नेक-थ्रू (नेकचंच लाकूड बॉडीतून शेवटपर्यंत गेलेलं) असेल तर बॉडीच्या मागून ते पट्टे आरपार गेलेले दिसतील असा.

मग नट, अगदी जवळून, बाजूने, तार खाचेत किती खोल बसलीये ते दिसेल असा. नियम साधा आहे, जाड तारांची साधारण निम्मी जाडी खाचेच्या वर दिसली पाहिजे, आणि तार पार बुडालेली असेल तर खाच खोल झालीये किंवा नट वरून घासायचा राहिलाय. फ्रेटची टोकं एका बाजूने, रांगेत. बाराव्या फ्रेटवरचं इनले (फ्रेटबोर्डमध्ये बसवलेली खूण), कारण तिथे भुसा आणि इपॉक्सी घालून बुजवलेली जागा सगळ्यांना बघायची असते. आणि शेवटी मागचं झाकण काढून वायरिंग. हा फोटो बहुतेक जण टाकत नाहीत आणि मला नेमका तोच बघायचा असतो. सोल्डरचे थेंब चमकदार आणि गुळगुळीत आहेत की राखाडी आणि दाणेदार, पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) पाठीवर ग्राउंड नीट धरलाय का, बाहेरची खरखर अडवायला (शील्डिंग) लावलेल्या कॉपर टेपचे तुकडे एकमेकांवर चढवून एकमेकांना जोडलेत का (मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघितली असेल तर तो फोटोही टाका, लोक खूश होतात), राउटरने काढलेल्या पोकळीचा तळ सपाट आहे की पायऱ्या पायऱ्या पडल्यात. इथे जो टापटीप असतो तो बाकी सगळीकडे असतोच असं माझं मत आहे.

फोटो काढण्याआधी मायक्रोफायबरने पुसा, ट्यूनरची (तारा पिळायच्या खुंट्यांची) बटणं एका दिशेला करा, तारांची जास्तीची टोकं कापा, ब्रिजवरचं प्लास्टिक काढा. मागे एकरंगी भिंत किंवा चादर. फुलदाण्या, पुस्तकं, गॉगल वगैरे सजावट नको, गिटार बघायला आलेला माणूस फुलदाणी बघत बसतो. एक फोटो मात्र माणसाच्या गळ्यात पट्ट्यावर अडकवलेला पाहिजे, दोन्ही हात सोडून. त्यात आकाराचा अंदाज येतो आणि नेक खाली झुकते का तेही कळतं, हलकी बॉडी आणि जड ट्यूनर असले की हेडस्टॉक जमिनीकडे निघतो आणि ही गोष्ट स्टँडवरच्या फोटोत कधीच दिसत नाही.

काय बनवलं, काय विकत घेतलं

हे स्वतःहून सांगा, कुणी विचारायच्या आधी. नेक तयार घेतला असेल, बॉडी किटमधली असेल आणि तुम्ही फक्त फिनिशिंग आणि वायरिंग केलं असेल तरी त्यात कमीपणा काहीच नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची ती पट्ट्यापट्ट्यांची प्रसिद्ध गिटार तयार बॉडी आणि तयार नेक जोडूनच झाली होती, पिकअप एका गिब्सनमधून काढलेला होता आणि रंगाचे पट्टे मास्किंग टेप लावून स्प्रेने मारलेले होते. पण किट जोडून "स्क्रॅच बिल्ड" म्हणायचं आणि मग कुणीतरी पॉकेटमधला छापील नंबर ओळखायचा, ह्यात जी शोभा होते ती टाळता येण्यासारखी आहे.

सामान कुठून आलं ती गोष्ट असेल तर ती जरूर सांगा, कधीकधी तीच गिटारपेक्षा जास्त लक्षात राहते. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली, साधारण दोन वर्षं लागली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून कापलेला, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोला (दांड्याने सूर हलवायची यंत्रणा) जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग आणि ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक विणायच्या सुईचं. ती गिटार त्यांनी पुढे सगळ्या जगाला ऐकवली, आणि आजही तिच्याबद्दल बोलताना लोक आधी बटणं आणि स्प्रिंग सांगतात. तुमच्याकडे जुन्या दाराची फळी असेल, मोडक्या कपाटाचं सागवान असेल तर कापण्याआधीचा फोटो काढून ठेवा. हे आधीच ठरवावं लागतं, कारण एकदा राउटर फिरला की ती फळी परत मिळत नाही. फोटो कामाच्या टप्प्यांचे काढा, रोजचे नकोत, फळ्या चिकटवल्यावर, आकार कापल्यावर, नेक पहिल्यांदा पॉकेटमध्ये बसवून बघितला तेव्हा, सीलर मारल्यावर. आठदहा पुरेत. क्लॅम्पच्या पन्नास फोटोंमध्ये बघणारा हरवतो.

सोबत एक कार्ड करा, फोटोखाली टाकायला आणि टेबलावर ठेवायलाही तेच. साधारण असं:

"बॉडी महोगनीची, दोन तुकड्यांची, वर ६ मिमी फ्लेम मेपल. नेक मेपलचा, बोल्ट-ऑन, फ्रेटबोर्ड रोझवुड. स्केल ६४८ मिमी, २२ फ्रेट, रेडियस १२ इंच, नटपाशी रुंदी ४२ मिमी. ब्रिजला हंबकर विकतचा, नेकला सिंगल कॉइल घरी गुंडाळलेला. पॉट ५०० के, कॅपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड. वजन ३.६ किलो. तारा १० ते ४६. नेक, ट्यूनर आणि ब्रिजही विकतचे, बाकी घरी."

बस एवढं. स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, आवर्जून लिहा, कारण ६४८ मिमी म्हणजे फेंडरचं साडेपंचवीस इंच वाचलं की वाजवणाऱ्याला ताण आणि फ्रेटमधल्या अंतराचा अंदाज येतो, ६२८ च्या आसपास असेल तर त्याला गिब्सनसारखा मऊ हात अपेक्षित असतो. वजन काट्यावर करून लिहा, "हलकी आहे" असं नको. आणि "वॉर्म टोन, अमेझिंग सस्टेन" असली विशेषणं कार्डावर अजिबात नकोत, ते ऐकणारा ठरवेल.

आवाज

फोटो बघून झाले की पुढचा प्रश्न आवाजाचाच येतो, आणि इथे लोक करतात काय, डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब, मागे ड्रम, सगळं लावून सोलो वाजवतात. त्यात गिटार कुठे ऐकू येते? ऑडिओ इंटरफेसला केबल सरळ लावा, एकच छोटा फ्रेज ठरवा, थोडे उघडे कॉर्ड आणि एका तारेवर चार सूर असा, आणि तोच फ्रेज प्रत्येक पिकअपवर, स्विचच्या प्रत्येक जागेवर वाजवा, आधी एकदम क्लीन, मग हलक्या ओव्हरड्राइव्हवर. टोन नॉब पूर्ण उघडा आणि मग निम्मा, हेही ऐकवा. पीक मीटरवर उणे ६ डीबीच्या खाली राहू द्या. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप) असेल तर तिची हम, म्हणजे मागची घूंऽऽही पाच सेकंद ऐकू द्या, हात तारांना लावून आणि काढून, शील्डिंग आणि ग्राउंड किती जमलंय ते त्यातच कळतं. एलईडीचा डिमर किंवा फोन जवळ असेल तर बाजूला करा, नाहीतर त्यांचा बझ तुमच्या वायरिंगच्या नावावर जाईल.

वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्याला बोलवा. बनवणाऱ्यानेच वाजवलं पाहिजे असा काही नियम नाही.

समोरासमोर

टेबलावर मांडायची असेल तर आधी स्टँड तपासा. बऱ्याच स्टँडना आणि भिंतीवरच्या हँगरना रबर किंवा फोमचं आवरण असतं आणि त्यातलं रसायन नायट्रो लॅकरला लागून ते मऊ पाडतं, कधी डाग पडतो, कधी फिनिशच चिकटून निघून येतं. पॉलियुरेथेनला हा त्रास सहसा होत नाही. खात्री नसेल तर जिथे टेकते तिथे जाड सुती कापड गुंडाळा, दिसायला जरा गावठी दिसेल पण फिनिश वाचेल.

लोकांना वाजवू द्यायची की नाही ते आधीच ठरवा आणि तसं लिहून ठेवा. माझं मत, द्यायचीच, इलेक्ट्रिक गिटार काचेआड ठेवण्यात काय मजा. फक्त "विचारून घ्या" अशी पाटी ठेवा आणि तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा. देताना पट्टा आधी त्याच्या गळ्यात, मग हात सोडायचा. बेल्टचं बकल आणि जॅकेटची चेन मागच्या बाजूला हमखास ओरखडे काढते, म्हणून मी मागे एक पातळ विनाइल लावावं असं म्हणणार होतो, पण तेही नायट्रोला चालत नाही, तेव्हा सरळ एक ॲप्रन ठेवा आणि घालायला सांगा. हसतील, पण घालतील. गर्दी असेल तर मोठा अँप नको, हेडफोन अँप बरा, शेजारच्या टेबलवाल्यांचे शिव्याशाप लागत नाहीत आणि वाजवणाराही लाजत नाही. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर मधल्या वेळात केबल काढून ठेवा, जॅकमध्ये केबल असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी चालूच राहते, आणि ती उतरली की आवाज फाटायला लागतो. पिशवीत ट्यूनर, ॲलन की, स्क्रूड्रायव्हर, तारांचा जादा सेट, कापड, जादा केबल.

एक गोष्ट दिसण्याबद्दल. गिटारवादक लेस पॉल ह्यांनी १९४० च्या आसपास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर पिकअप आणि तारा बसवून गिटार केली होती, आणि ते स्वतः सांगायचे की नुसता ओंडका घेऊन वाजवलं तर लोकांनी लक्षच दिलं नाही, मग त्यांनी दोन्ही बाजूंना जुन्या गिटारच्या बॉडीचे अर्धे भाग लावले आणि तेच वाजवल्यावर लोक खूश. आवाज ओंडक्याचाच होता. म्हणजे आकाराकडे दुर्लक्ष करून चालत नाही, आणि तुमचा आकार फारच वेगळा असेल तर शेजारी एखादी ओळखीच्या आकाराची गिटार ठेवा, लोकांना जवळ यायला धीर येतो.

हेडस्टॉकवर मोठ्या कंपनीचा लोगो चिकटवायचा नाही. गंमत म्हणून पण नाही. गिटार उद्या दुसऱ्याच्या हातात गेली की ती नकली म्हणून फिरणार. फेंडरच्या हेडस्टॉकचे आकार ट्रेडमार्क आहेत. त्यांच्या काही बॉडीच्या आकारांवरचा ट्रेडमार्क अर्ज अमेरिकेच्या अपील बोर्डाने २००९ मध्ये फेटाळला, आकार फारच सर्रास झालेत म्हणून, पण ते हेडस्टॉकला लागू नाही. स्वतःचा हेडस्टॉक काढा, कागदावर दहा आकार काढले की एखादा जमतोच, आणि स्वतःचं नाव बारीक अक्षरात टाका.

दुसऱ्या देशात घेऊन जायची असेल तर लाकूड कोणतं ते माहीत असू द्या. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आल्या, २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही. जुन्या फर्निचरमधून काढलेलं रोझवुड वापरलं असेल तर नेमकी जात शोधून काढा, मगच तिकीट काढा.

राहिले लोकांचे शेरे. कुणीतरी येणार आणि म्हणणार फ्रेट उंच आहे, पॉकेट सैल आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असणार. "हो, तिथे राउटर सुटला" एवढं म्हणा आणि त्यालाच विचारा तो कसा करतो, अशा लोकांकडून फुकटात जे शिकायला मिळतं ते कुठे मिळत नाही. "टोनवुडने (म्हणजे गिटारच्या लाकडाने) आवाजात काही फरक पडत नाही" हा वाद कुणी काढला तर त्याच्या हातात गिटार द्या आणि तुम्ही पाणी प्यायला जा. आणि कुणी विचारलंच की विकणार का, तर उत्तर आधी ठरवून ठेवलेलं बरं, विकायची नसेल तर कार्डावर खाली तसं लिहून टाका. "मला पण एक बनवून द्या" म्हणणाऱ्याला मात्र लगेच हो म्हणू नका, त्याला आधी किती स्केल, कोणता नेक आणि कोणते पिकअप पाहिजेत ते लिहून पाठवायला सांगा.

संध्याकाळी आवरताना तारा पुसा, पट्ट्याच्या बटणांचे आणि नेकचे स्क्रू हाताने तपासा, दिवसभरात एवढ्या लोकांनी हाताळल्यावर एखादा ढिला झालेला असतोच.